हजीऱ्याच्या धक्क्यावर वजन म्हणून

"सुने, तू ये. वजन कमी पडतंय!" दादा, माझा थोरला भाऊ, फोनवर ओरडला. तो नेहमीच ओरडतो. अर्धं आयुष्य सुरतेच्या लूमवर, यंत्रमागावर गेलं, त्यात कान गेले. मला आधी वाटलं माझ्या तब्येतीची टिंगल चाललीय. नंतर कळलं, खरंच वजन हवं होतं.

झालं असं की दादा काम करायचा तो लूमचा कारखाना बंद पडला. तेव्हापासून तो सुरतेजवळच्या हजीऱ्याला एका छोट्या धक्क्यावर बोटींचे दोर बांधायच्या कामाला लागला होता. तिथल्या मालकाची, जिग्नेशभाईंची, एक मोटारबोट आहे. लांब नांगरलेल्या जहाजांवर ती माणसं पोचवते. जुना चालक गावी गेला, तोवर दादा बोट चालवायला शिकला, परवानाही काढला. पण मालकाची अट होती: भरलेली बोट एकदा धक्क्याला नीट लावून दाखव, मग नोकरी तुझी. नाहीतर दमणचा माणूस तयार आहे. आता भरलेली म्हणजे माणसं हवीत, आणि माणसं म्हणजे आम्ही घरचेच!

तशीही मी अंमळनेरात कुठे टिकते? शिवणक्लासला दोन दिवस सुट्टी दिली आणि सकाळची गाडी धरली. तुम्ही गेलात तर डब्यात उजवीकडची खिडकी पकडा, डावीकडे दुपारी ऊन भाजून काढतं. नंदुरबारला वडे घ्या, पुढे गर्दीत हलायला मिळत नाही. आणि दादासारखं कुणी नवागामला राहत असेल तर सुरतपर्यंत जाऊ नका, उधन्यालाच उतरा. शेअर रिक्षा स्वस्त पडते, फक्त रिक्षावाल्याच्या शेजारी अर्ध्या मांडीवर बसायची तयारी ठेवा.

घरात शिरले तर वहिनी भाकरी थापत होती. "ये ताई, पानी पे आधी." दादा टीव्ही मोठ्यानं लावून बसलेला. वहिनीनं तिथूनच त्याच्याकडे बघून मूठ आवळली, त्यानं टीव्ही बंद केला. तिनं तर्जनी हवेत गोल फिरवली, त्यानं पंखा सुरू केला. ही लूमवाल्यांची भाषा. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मूठ म्हणजे बंद, तर्जनी गोल म्हणजे चालू दे. वहिनी डबा पोचवायला जायची, तिथंच शिकली.

जेवताना तिनं खरी भीती सांगितली. "धागा तुटला की आधी साचा बंद, मग बाकी सगळं. ह्यांना तीच सवय. बोटीवर पण काही बिघडलं की ह्यांचा हात आधी इंजिन बंद करायला जातो. सरावात दोनदा झालं."

"मना हात आपसूक जास," दादा ताटात बघतच म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बोट बंद केली की पाणी तिला घेऊन जातं, सुने. मला सगळं कळतं. पण हाताला कोण सांगणार?"

ही नोकरी गेली तर या वयात त्याला कोण उभं करणार होतं?

सकाळी निघालो. हजीऱ्याच्या रस्त्याला बस मिळेल या भरवशावर राहू नका, शेवटच्या टप्प्याला रिक्षा ठरवावीच लागते. वाटेत लोचो खाल्ला, सुरतेचा सैल ढोकळाच म्हणा, वर तिखट मसाला आणि कांदा. मस्त लागतो, पण माझा अर्धा वहिनीनंच संपवला. दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या चिमण्या, अंगावर येणारे ट्रेलर, आणि दादा रिक्षात बसून मांडीवर हात दाबून धरत होता.

धक्क्यावर पोचलो तर जिग्नेशभाई म्हणाले, "बेसो बेन, पाणी चढू दे." बसा कसलं? मी त्या धक्क्याला इतक्या फेऱ्या मारल्या की तिथलं कुत्रं माझ्या मागे हिंडायचं कंटाळून झोपलं. शेवटी दादानं मला बोटीत बोलावून थ्रस्टर दाखवला. बोटीच्या पुढच्या भागात, पाण्याखाली, एक आडवी नळी आरपार गेलेली असते. तिच्यात छोटा पंखा. चालकासमोरची काडी डावीकडे दाबली की बोटीचं नाक डावीकडे सरकतं, उजवीकडे दाबली की उजवीकडे. धक्क्याला लागताना फार सोय होते. पण तो जरा जरा दाबायचा. धरून ठेवला तर तापतो आणि गप्प बसतो. आणि सरकतं फक्त नाक, मागचा भाग इंजिननंच सांभाळायचा.

पाणी चढलं. वहिनी, मी, मागच्या रिक्षातून आलेल्या शेजारच्या दोन मावश्या आणि त्यांच्या सुना, सगळ्यांनी नारिंगी जॅकेटं चढवली. "मी वजनात कुणाला ऐकत नाही," एक मावशी म्हणाली. दुसरी डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. बोट लांबवर जाऊन वळली आणि प्रवाहाकडे तोंड करून हळूहळू धक्क्याकडे आली. थ्रस्टर घुर्र करायचा, थांबायचा. छान चाललं होतं हो! आणि ऐन वेळी प्रवाहानं नाक बाहेर ढकललं. दादा घाबरला, काडी दाबूनच धरली. घुर्र, घुर्र, आणि थ्रस्टर गप्प.

दादाचा हात इंजिनच्या बटणाकडे गेला.

"अरे, शुं करे छे!" धक्क्यावरून जिग्नेशभाई ओरडले. मीही बोंबलले. त्याला ऐकू जाणार होतं थोडंच? तेवढ्यात वहिनी बाकावरून उठली, त्याच्या डोळ्यांसमोर गेली आणि तर्जनी गोल फिरवायला लागली. चालू दे. चालू दे. पदर सुटला, पण तिचा हात थांबेना. दादानं धक्क्यावरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. हात बटणावरून मागे आला. त्यानं बोट मागे घेतली, मोकळ्या पाण्यात मोठा वळसा मारला, थ्रस्टरला गार होऊ दिलं आणि परत आला. या वेळी काडीला नुसतं टिचकी मारल्यासारखं. जरा डावीकडे, थांब. परत जरा. धक्क्याच्या टायरांना बोट टेकली तेव्हा देवाचं नाव घेणाऱ्या मावशीनं विचारलं, "लागली का?" मी रडत रडतच म्हटलं, उघडा डोळे!

जिग्नेशभाई मात्र हसले नाहीत. "दुसऱ्यांदा सारी, एकदम चांगली लावली. पण पहिल्यांदा चुकलास ने? विचार करून कळवतो."

मी तशीच परतले. गाडीत झोप नाही, घरी चित्त नाही. क्लासला एका मुलीच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्या जोडल्या. लोक विचारतात, हजीऱ्याला बघण्यासारखं काय आहे? धूर आहे, ट्रेलर आहेत, गढूळ पाणी आहे. डोळ्यांसमोरून हलत नाही ती फक्त वहिनी, पदर सुटलेली.

आज सकाळी दादाचा व्हिडिओ कॉल आला. नारिंगी जॅकेट, मागे पाणी, आणि इंजिनाचा एवढा आवाज की काही समजेना. "काय म्हणाले मालक?" मी ओरडले. त्यानं कानाला हात लावला. परत ओरडले. मग मी मूठ आवळून दाखवली आणि भुवया उडवल्या.

दादानं नाही म्हणून मान हलवली. आणि कॅमेऱ्यासमोर तर्जनी वर करून गोल फिरवायला लागला, गोल, गोल, थांबेचना.