दारांच्या बाईंची लाल ओळ

दारांच्या बाई कोणाचंच कौतुक करत नसत, आणि आमच्या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरचं तर मुळीच नाही. माजिवड्याच्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात दारांचे तक्ते त्यांच्याकडे असत: कुठलं दार, किती रुंद, कशाचं. म्हणून हे नाव.

"अख्खी इमारत गरगर फिरवून दाखवतं," त्या म्हणत, "पण चुकलेल्या दाराची ओळ लाल करायची अक्कल नाही." खरंच होतं. अट घातली की फार तर एक खाना रंगायचा. दार जिन्याचं आहे आणि रुंदी मीटरहून कमी आहे, तर सगळी ओळ लाल कर, एवढं साधं त्याला कळत नसे. मग बाई तक्ता छापून घेत आणि पट्टी धरून लाल पेन्सिलीने स्वतः ओळी रंगवत. आम्ही गालातल्या गालात हसायचो.

या हट्टाचं कारण त्या एकदाच बोलल्या. विठ्ठलवाडीच्या चाळीत त्यांच्या वडिलांचं स्ट्रेचर दारातून निघेना. शेवटी चादरीत घालून नेलं. "तेव्हापासून अरुंद दार दिसलं की डोकं फिरतं माझं," म्हणाल्या आणि पुन्हा पेन्सिल उचलली.

सॉफ्टवेअरच्या कंपनीला त्यांनी ऑफिसच्या मेलवरून मागणी पाठवली. उत्तर आलं, सूचना मोलाची आहे, आमच्या वेबसाइटवर तिला मतं मिळवा. म्हणजे चूक दिसावी की दिसू नये, यावर निवडणूक! पण बाई हटल्या नाहीत. रविवारी बुद्धविहारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला गाठून त्यांनी ज्याच्या त्याच्या मोबाइलवरून मत घेतलं. मला म्हणाल्या, "तू पण दे रे." मी हो म्हटलं आणि दिलं नाही. तेव्हा मी स्वतःला फार शहाणा समजत होतो.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी केक मागवला, भाषण केलं आणि त्यात बाईंचं आडनाव चुकवलं. बाई मात्र मी नकाशे काढलेल्या इमारतीचा तक्ता घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. एकच ओळ लाल होती. आठव्या मजल्यावरचं जिन्याचं दार, साडेसातशे मिलिमीटर. नकाशे दुसऱ्या दिवशी साइटवर जाणार होते.

"आधी हे नीट कर. केक कुठे पळून जात नाही."

सगळे ताटकळत उभे, आणि मी दार रुंद करतोय. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी मत द्यायला गेलो, तर मागणी बंद केलेली. कारण काय, तर पुरेशी मतं नाहीत.

बाईंना हे अजून सांगितलेलं नाही. अधूनमधून त्यांचा फोन येतो, "काय रे, रंगायला लागली का ओळ?" मी होतंय म्हणतो आणि हातातल्या लाल पेन्सिलीने पुढची ओळ रंगवतो.