चांगल्या हवेच्या शोधात डोंबिवलीपर्यंत

यांची पेन्शन सुरू झाली आणि आमच्या गिरगावच्या खोल्यांतली हवा बिघडली. इतकी वर्षं ती बरी होती. आता यांना तिथं श्वास पुरेना. खरी गोष्ट अशी की वैशाखात आमच्या वसंताचं लग्न झालं होतं, आणि दोन खोल्यांत चार माणसांनी रात्री कुठं पथारी टाकायची, हा विषय घरात कोणी काढत नव्हतं. वसंता म्हणायचा, बाबांना मोकळी हवा हवी. हेही तेच म्हणायचे. सून काही बोलायची नाही. मला कोणी विचारलं नाही. मुलींच्या शाळेत मी अर्धं आयुष्य भूगोल शिकवला. तेव्हा हवापाण्याबद्दल मला थोडंफार कळत असावं, असं कोणाच्या मनात आलं नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी आम्ही जागा पाहायला निघालो. यांनी सोबत तूरडाळीची पुरचुंडी घेतली होती. ज्या गावच्या पाण्यात डाळ लवकर शिजते तिथं माणसाचं पोट बिघडत नाही, असं यांना हापिसातल्या कोणीसं सांगितलं होतं. चाळीतल्या लोकांना ठाण्याला निघालो म्हटलं की ते हसत. वेड्यांचं इस्पितळ कुठं आहे, हे मुंबईकराला सांगावं लागत नाही.

ठाण्याला यांचे चुलतभाऊ तळ्याजवळ राहायला गेले होते. तळ्यावरच्या वाऱ्याचं कौतुक ते तासभर करत होते, आणि करता करता पोटऱ्यांवरचे डास मारत होते. डाळ मात्र बघता बघता शिजली. हे इतके हरखले की तिथंच जागा ठरवायला निघाले. मी मागे गेले तेव्हा जाऊबाई पातेलं घासत होत्या.

"वहिनी, मी चिमूटभर सोडा टाकला होता," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही आलात तर मला बोलायला माणूस मिळेल."

मी यांना ते सांगितलं नाही. सांगावं लागलंही नाही. संध्याकाळी भावजींना हुडहुडी भरून आली, दोन गोधड्या घातल्या तरी थांबेना, आणि जाऊबाईंनी सवयीच्या हातानं फळीवरून कोयनेलची (हिवतापाच्या औषधाची) बाटली काढली. यांनी तळ्याचं नाव टाकलं.

दुसऱ्या दिवशी टांग्यानं बाळकुमला गेलो. तिथले एक पाटील खाडीच्या बाजूची जमीन विकणार होते. भात कापून झालं होतं, लांबवर आगरांत (मिठागरांत) मिठाचे ढीग चमकत होते. भूगोलाच्या पुस्तकात घालावं असं ते दृश्य होतं. राहावं असं मात्र यांना वाटेना, कारण बांधावरून चालताना यांचा एक बूट चिखलात रुतून तिथंच राहिला होता. पाटलांनी तो काठीनं उपसून काढला. त्यांच्या आईनं ओट्यावर बसवून आम्हांला तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक मासळी) दिली. सुकटीला हे नको म्हणाले, माझ्या वतीनंही.

म्हातारी बराच वेळ आमच्याकडे पाहत होती. मग तिनं मला विचारलं, "तुमाला पोरं नाय का?"

"एक मुलगा आहे."

"मंग त्यानं भायेर काढला का तुमाला?"

हे घाईघाईनं म्हणाले की तसं काही नाही, फक्त हवेसाठी. तिनं एकदा खाडीकडे पाहिलं, एकदा यांच्या एका चिखलानं भरलेल्या बुटाकडे, आणि आणखी भाकरी वाढली. बावीचं (विहिरीचं) पाणी यांनी चाखलं आणि थुंकलं. उन्हाळ्यात ते याहून मचूळ होतं, हे पाटलांनी हसतच सांगितलं. परतीच्या टांग्यात यांनी पुढचं नाव काढलं, डोंबिवलीचं.

डोंबिवलीला उतरलो तर फलाटाच्या बाकावर कोट-टोपी घातलेले तिघे वृद्ध गृहस्थ बसले होते. गाडीतून कोण उतरतं हे पाहणं हाच त्यांचा उद्योग असावा. त्यांतले बापूराव उठून आले आणि नावगाव विचारण्याआधी यांना म्हणाले, "बेझिक खेळता का?"

त्यांचा चौथा गडी श्रावणात वारला होता. त्याची जागा रिकामी होती. पत्त्यांच्या डावातली आणि बापूरावांच्या बंगलीतलीही. ती दाखवायला म्हणून आम्हांला नेलं, पण हे व्हरांड्याच्या पुढं गेलेच नाहीत. पत्ते पिसले गेले. डाळीची पुरचुंडी खिशात राहिली, हवेचं नावही कोणी काढलं नाही.

बापूरावांच्या पत्नीनं मला मागची बाजू दाखवली. विहीर, दोर, कंदील, पावसाळ्यात लाकडांखाली निघणारे साप.

"हवा यांच्या वाट्याला आली, विहीर माझ्या," त्या म्हणाल्या. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

शेवटी त्यांनी मागची एक लहान खोली उघडली आणि चहाचं पाहायला त्या गेल्या. मी आत गेले आणि उगीचच दार लावून घेतलं. लग्नानंतर सासूबाई, नणंदा, दीर, मुलगा, पाहुणे, आता सून. बंद दाराच्या आत मी एकटी कधी उभी राहिले नव्हते. खिडकीबाहेर फणसाचं झाड होतं. बाहेर डाव रंगला होता आणि मला कोणी हाक मारत नव्हतं. मी भिंतीला टेकून बसले. चहा निवल्यावर बाहेर आले आणि बापूरावांच्या पत्नीला सांगितलं की आम्ही जागा घेतो.

घरी पोचलो तेव्हा वसंता जेवायचा थांबला होता. पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी त्यानं कुठली जागा ठरली ते विचारलं. हे डोंबिवलीच्या हवेबद्दल भरभरून बोलले. वसंतानं तांब्या माझ्या हातात दिला.

"आई, तुझे हाल होतील गं तिकडे," तो म्हणाला. "पण बाबांच्या तब्येतीपुढं इलाज नाही."

"बाबांचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी माझ्यासाठी जातेय. मला दार लावून बसायला खोली हवी होती, ती मिळाली."

म्हातारी माणसं बिऱ्हाड हलवतात ती लोकांना एक कारण सांगून आणि दुसरं पोटात ठेवून. मी पोटातलं सांगून टाकलं, एवढीच माझी चूक. सून मान खाली घालून हसू दाबत होती. वसंताला मात्र वाईट वाटलं. आईबापांना आपण घराबाहेर घालवतोय, हे दुःख त्यानं लग्नापासून जपून ठेवलं होतं. ते सगळं वाया गेलं.