सावकाश हाताचे उस्मानभाई

उस्मानभाई शिकलगारांची आणि माझी ओळख भांडणाने झाली, आणि भांडण त्यांनी काढले, मी नव्हे. मी तेव्हा लोणावळ्याच्या शाळेत नवखा मास्तर होतो. बाजाराच्या मागच्या मैदानात पावसाळा सरला की दसऱ्याला सिनेमाचा तंबू उभा राही. चित्रे मुकी होती. मधूनमधून पडद्यावर अक्षरांच्या पाट्या येत आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी, म्हणजे जवळजवळ साऱ्या तंबूसाठी, त्या कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवाव्या लागत. माझा आवाज दणकट म्हणून तंबूच्या शेठांनी मला त्या कामाला लावले. पहिल्या दिवशी मी पाट्या अशा खडाखडा वाचल्या की शाळा तपासायला आलेला साहेबही खूष झाला असता. खेळ सुटल्यावर यंत्रामागून एक सडपातळ गृहस्थ कपाळाचा घाम पुसत पुढे आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी वाचत होता का आगगाडी पकडत होता?"

मी चिडलो. पाटी आली की गेली, ती काय माझ्यासाठी थांबणार आहे, असे मी फटकारले. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "ती माज्या हातानं जाती. तुमी सावकाश वाचा, मी तिला धरून ठिवतो. माणसं लांबनं येत्यात, त्यान्ला समजू द्या."

आजच्या मुलांना हे सांगावे लागेल. त्या काळी यंत्राला मोटर नव्हती. बाजूला एक मूठ होती आणि ती हाताने फिरवायची. हात जोरात फिरला की पडद्यावरची माणसे तुरुतुरु पळत. हात सावकाश फिरला की ती माणसांसारखी चालत. इतर तंबूंतले ऑपरेटर खेळ लवकर आटपावा म्हणून शेवटी शेवटी मूठ गरगरा फिरवत. देव, राक्षस, पतिव्रता सगळ्यांची एकच पळापळ होई. उस्मानभाईंनी असे कधी केले नाही. त्यांचे वडील दारोदार साण फिरवून कोयते-विळ्यांना धार लावत. घाई केली की पाते जळते, हे त्यांनी मुलाच्या हातात लहानपणीच भरवले होते. "मास्तर, पातं जळलं तर दुसरं घेता येतं," उस्मानभाई म्हणत, "पन पडद्यावरचं माणूस आपल्या हातात देऊन कुनीतरी इसवासानं गेलेलं असतंय."

शेठांनी मुंबईहून एकदा जुन्या फितींच्या ढिगातून एक तुकडा आणला. त्याला आगापिछा नव्हता, पाटी नव्हती. एक गोरी मुलगी रिकाम्या रंगमंचावर एकटी नाचते, एवढेच. पण काय नाचते! पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहते, टाच म्हणून जमिनीला लावत नाही, जशी काही जमीन तापलेली आहे. मग शेवटी हळूहळू खाली बसत जाते, गुडघ्यावर कपाळ टेकते आणि तशीच राहते. रेल्वेतल्या एका गार्डसाहेबांच्या मडमेने सांगितले, याला बॅले म्हणतात. पुढे बोलपटांच्या काळात मी असे नाच आणखी पाहिले, शंभर शंभर मुलींचे, झगमगाटातले. लक्षात राहिला तो हाच, आणि त्याचे निम्मे श्रेय मी मूठ फिरवणाऱ्या हाताला देतो.

पहिल्या दिवशी तंबू हसला, हे खरे. आखूड घेरदार झगा पाहून बाप्यांनी शिट्ट्या घातल्या, बायांनी पदर तोंडाला लावले. पण उस्मानभाईंनी हात असा काही सावकाश ठेवला की हसणारे आपोआप गप्प झाले. ती खाली बसू लागली तेव्हा मागून एका बाईचा आवाज आला, "अगं बया, पाय दुखत न्हाईत का गं तिचे?" त्यानंतर कोणी हसले नाही. लोक तो तुकडा पुन्हा मागू लागले. मला त्यात वाचायला काही नव्हते. मी पडद्याजवळ उभा राहून नुसता पाहत असे.

कुरवंड्याची एक म्हातारी गवताचा भारा घेऊन बाजाराला येई. तिने तो नाच पाहिला आणि दुसऱ्या बाजारी करंजाच्या तेलाची बाटली घेऊन यंत्रापाशी हजर. "ह्ये त्या पोरीच्या पायाला लावा. चवड्यावर हुबं ऱ्हायाचं म्हंजी काय खाऊ हाय व्हय? डोईवर भारा घिऊन डोंगार चढती मी, मला ठावं हाय." मला हसू आवरेना. उस्मानभाईंनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. संध्याकाळी तो तुकडा लावण्याआधी त्यांनी यंत्राच्या दात्यांच्या चाकांना त्यातले थेंब थेंब तेल सोडले. पुढच्या वेळी म्हातारीने विचारले, "लावलं का?" ते म्हणाले, "लावलं, मावशी. आता न्हाई दुखत तिला." मी बाजूला घेऊन टोकले, तर म्हणाले, "खोटं काय त्यात? ती ह्याच चाकांवर तर चालती."

या सगळ्याला एक साक्षीदार होती. उस्मानभाईंची मुलगी झुबेदा, आठ-नऊ वर्षांची. यंत्राशेजारच्या खोक्यावर तिची जागा ठरलेली. तंबूचा खांब धरून ती चवड्यांवर उभी राही, पडे, पुन्हा उभी राही. घरी जाऊन आईला सगळा नाच करून दाखवी, कारण आमिनाभाभी तंबूत कधी आल्या नाहीत. घर, म्हातारी सासू आणि चार लोकांची तोंडे, यांतून त्यांना सवड नव्हती. नाचाचा शेवट आला की झुबेदा वडिलांच्या कोपरावर हात ठेवून म्हणे, "अब्बा, आता हळू." आणि हात आणखी हळू होई. गुरू कोण आणि शिष्य कोण, असे मी चेष्टेने विचारी. उस्मानभाई तिच्याकडे बोट दाखवत.

मग मानमोडीच्या साथीचे साल आले. ज्यांनी ते पाहिले त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगून कळणार नाही. सकाळी ताप, दोन दिवसांत माणूस नाही. कुसगावात घरांना कड्या लागल्या. शाळा बंद झाली. तंबूही बंद ठेवावा असे आम्ही शेठांना विनवले, पण स्टेशनात पलटणीची गाडी अडकून पडली होती आणि शिपायांना करमणूक हवी होती. त्याच दिवशी झुबेदाला ताप होता. उस्मानभाई तिच्या उशापासून उठून आले, कारण मूठ फिरवणारे दुसरे कोणी नव्हते.

नाचाचा तुकडा नुकताच सुरू झाला होता. आमिनाभाभींचे भाऊ हमीद तंबूची कनात उचलून आत आले आणि उस्मानभाईंना म्हणाले, "भाऊ, झुबी बोलावतीया. लवकर चला." शेठ तिथेच उभे होते. ते म्हणाले, "तुकडा पुरा करा आणि जा. मध्ये सोडलात तर हे शिपाई तंबू पाडतील." हे सगळे मला मागून कळले. मी पडद्यापाशी होतो आणि मला दिसले ते एवढेच, की ती मुलगी एकाएकी पिसाळल्यासारखी धावू लागली. पाय लटलट हलले, हात पंख्यासारखे फिरले, ती उंदरासारखी या कडेची त्या कडेला गेली. शेवटी जिथे ती श्वासाश्वासाने खाली बसत असे, तिथे ती धप्पकन कोसळली. सारा तंबू पोट धरधरून हसला. इतके हसणे मी त्या तंबूत कधी ऐकले नव्हते. रागाने मी मागे वळून पाहिले, तर यंत्रापाशी फितीचे मोकळे टोक फटफटत होते आणि उस्मानभाई नव्हते.

शेठांकडून कारण कळले तसा मी धावलो. बाजारामागच्या बोळात त्यांचे घर. दारात पोचलो तेव्हा ते मुलीजवळ बसले होते. ती शुद्धीवर होती. तिने विचारले, "अब्बा, ती नाचली?"

"नाचली गं."

"सावकाश?"

उस्मानभाईंनी वर पाहिले. दारात मी होतो, आणि त्यांच्या ध्यानात आले की मी तंबूतून आलो आहे. माझ्याकडे बघतच ते तिला म्हणाले, "सावकाश. लय सावकाश."

ती समाधानाने हं म्हणाली. थोड्या वेळाने तिचा श्वास थांबला. जनाज्याला खांदा द्यायला बोळात धडधाकट माणसे उरली नव्हती. हमीद, उस्मानभाई, मी आणि शेजारचे एक सुतार, असे आम्ही तिला नेले. ओझे असे नव्हतेच. मला आजही त्या हलकेपणाचा राग येतो.

पुष्कळ दिवसांनी ते माझ्याजवळ बोलले. मी म्हणालो, "उस्मानभाई, तुम्ही घाई केलीत म्हणून ती भेटली. मनाला का लावून घेता?" ते म्हणाले, "व्हय, म्हनून भेटली. त्याचं मला दुःख न्हाई. पन मास्तर, तिचा नाच मी लोकांच्या हसण्यावारी नेला, आन तिला सांगितलं सावकाश नाचली. म्हातारीला बोललो ते खोटं नव्हतं. ह्ये खोटं हाय." तो तुकडा त्यांनी पत्र्याच्या डब्यात बंद केला. फीत खराब झाली असे शेठांना सांगितले. शेठांना खरे ठाऊक होते, पण त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. त्यांच्यात तेवढी माणुसकी होती.

पुढे तंबू जाऊन पक्के थिएटर झाले, बोलपट आले, मोटरवर चालणारे यंत्र आले. उस्मानभाई तेही शिकले आणि लोणावळ्यापासून तळेगावापर्यंतच्या कितीतरी मुलांना त्यांनी शिकवले. फीत कापराच्या जातीची, दिव्यासमोर थांबली की पेटते. त्यांच्या शिष्यांपैकी एकाच्याही हातून आजवर आग लागली नाही, हे उस्मानभाईंच्या या गौरवग्रंथात इतरांनी लिहिले आहेच. मी सांगतो ती गोष्ट वेगळी. मोटरला एकच वेग, आणि तो जुन्या मुक्या चित्रांना फार होतो. त्यातली माणसे उड्या मारल्यासारखी पळतात. शेठांच्या चिरंजिवांना अडगळीत तो डबा सापडला; आत काय आहे ते त्यांनी वडिलांकडून ऐकले होते. बोलपटाआधी हा नाच मोटरवर लावू, लोक हसून हसून लोळतील, अशी त्यांची कल्पना. उस्मानभाईंनी डबा त्यांच्या हातून घेतला आणि काखेत मारला. चिरंजीव म्हणाले, "डबा ठेवा, नाहीतर उद्यापासून येऊ नका." उस्मानभाई डबा घेऊन घरी गेले. तंबूतले जुने यंत्र भंगारात निघाले होते, तेही त्यांनी उचलून नेले.

पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने वडिलांची साण पुन्हा खांद्यावर घेतली आणि कुसगाव, कुरवंडे, वाटेतल्या वाड्या पालथ्या घातल्या. आम्हा मित्रांना वाईट वाटले. मी आमिनाभाभींची समजूत घालायला गेलो, तर त्याच म्हणाल्या, "बरं केलं त्यांनी. माज्या पोरीचा नाच हाय तो. लोकांच्या हसण्यासाठी न्हाई." त्यांनी तो कधी पाहिला नव्हता, हे मला तेव्हा आठवले आणि मी चहा न घेता उठलो.

यंदा उस्मानभाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या शिष्यांनी समिती नेमली, शाल-श्रीफळ ठरवले, मानपत्रात घालायला विशेषणे गोळा केली. उस्मानभाईंनी विशेषणे नकोत म्हणून सांगितले. "एक पांढरं कापड बांधा," ते म्हणाले, "आन यंत्र ठिवायला एक जड मेज द्या." आम्ही समजलो. मूळ इच्छा आमिनाभाभींची आहे. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे, दुसऱ्यात उतरतो आहे. डोळे आहेत तोवर मला ती कशी नाचायची ते बघायचंय, असे त्या म्हणाल्या. झुबेदा गेल्यावर बंद झालेला तो डबा उस्मानभाईंनी इतक्या वर्षांनी आता प्रथमच उघडला. फीत सुकून आक्रसली आहे, कडा चुरतात. फार तर एकदा चालेल, असे उस्मानभाई म्हणतात. तेव्हाही पुरी चालेल याची खात्री नाही.

तेव्हा सुहृदहो, हा ग्रंथ ज्या संध्याकाळी तुमच्या हाती पडेल, त्या संध्याकाळी भाषणे झाल्यावर दिवे मालवले जातील. मी पूर्वीसारखा पडद्याजवळ उभा असेन, आणि पूर्वीसारखेच मला वाचायला काही नसेल. म्हणून जे सांगायचे ते इथेच लिहून ठेवतो. पहिल्या रांगेत आमिनाभाभी असतील. एका लेकराला सांगितलेले ‘सावकाश’ खरे करायला एक साठ वर्षांचा माणूस मूठ फिरवत असेल. फीत तुटली तर तुटू द्या. कोणी हसू नका.

उस्मानभाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभावे अशी प्रार्थना लेखाच्या शेवटी करण्याचा प्रघात आहे. मी तो मनापासून पाळतो, फक्त एक शब्द जास्त घालून. तुमच्या-आमच्या दिवसांची मूठ ज्याच्या हातात आहे, त्याने उस्मानभाईंचे दिवस तरी सावकाश फिरवावेत. झुबेदाच्या वेळी त्याने फार घाई केली.