दोमितीला मावशी आणि गार्साचा कापूस

बाई मी निवडली होती, त्यामुळे चूक दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नव्हती. ‘गार्सा’ या नव्या फिल्टर सिगारेटचा पहिला झुरका गावातल्या एखाद्या बाईने चौकात ओढावा, असा कंपनीचा हुकूम होता. कर्ण्यातून ओरडण्याचं काम माझं, म्हणून बाई शोधण्याचंही माझंच. मी दोमितीला मावशीचं नाव दिलं. ती नदीवर लोकांचे कपडे धुवायची आणि आगबोटीला लाजवील इतका धूर काढायची. तो कसा काढायची, हे मी जन्मापासून बघत होतो. म्हणूनच ते माझ्या लक्षात आलं नाही.

बँड वाजला. बारांकियाहून आलेले डॉक्टर उर्दानेता पुढे झाले. औषधाशी त्यांचा संबंध नव्हता. आमच्या किनारपट्टीवर टाय घातला की माणूस डॉक्टर होतो. त्यांनी सिगारेट पेटवून दिली. मावशीने ती फिरवली, जळतं टोक तोंडात घातलं आणि ओठ मिटले. आमच्या धोबिणी अशाच ओढतात. हात साबणात, विस्तव तोंडात. पाणी उडालं तरी विझत नाही. कौतुकाचा पांढरा फिल्टर बाहेर राहिला आणि त्यातून स्वच्छ गाळलेला धूर डॉक्टरांच्या तोंडावर गेला.

“बाई, उलटी धरलीत!”

“मी रोज अशीच धरते. कापूस तुम्ही भलत्या टोकाला लावलाय,” मावशी म्हणाली. “गाळलेला धूर बाहेर सोडायचा? डासांची तब्येत सांभाळताय होय, डॉक्टर?”

चौक हसला. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, “रविवारी फोटो आहे. सरळ ओढलीत तर टपरी तुमची. नाहीतर दुसरी बाई बघू.”

मग मावशीही हसायची थांबली. झुरका ओढणाऱ्या बाईला कंपनी बसथांब्याजवळची रंगवलेली सिगारेटची टपरी देणार होती आणि ती मावशीला हवीच होती. नदीत हात बुडवून बुडवून तिची बोटं अशी वाकली होती की स्वतःच्या झग्याचं बटण शेजारणीकडून लावून घ्यावं लागे. टपरी मिळाली तरच नदी सुटणार होती.

मी शिकवणी सुरू केली. “मावशी, विस्तव बाहेर.”

“घराबाहेर विस्तव ठेवून जेवण शिजतं का रे? शाळेत हेच शिकलास?”

एका झुरक्यात डोळ्यांतून पाणी, खोकला आणि शिव्या. ‘गार्सा घसा जपते’ असं पोस्टरवरचा पांढऱ्या कोटातला माणूस सांगत होता. तो बारांकियाचा खाटीक होता, कोटही धंद्याचाच. खोकला थांबल्यावर मावशी त्या पोस्टरकडे बघत म्हणाली, “फोटोला काय वास येतो? पेटवायचीच कशाला?”

रविवारी ती न पेटवलेली गार्सा ओठांत धरून महाराणीसारखी उभी राहिली. पुढचा लाल ठिपका फोटोवाल्याने कुंचल्याने काढला. त्याला मी पटवलं. टपरी मिळाली.

गिऱ्हाइकांनी मात्र कापूस बघून नाकं मुरडली. पुरुष म्हणाले, हे बायकी आहे. बायका म्हणाल्या, हे बिनकामाचं आहे. मावशीने मासे कापायची सुरी आणली आणि मूठभर सिगारेटींचे फिल्टर एका दाबात उडवायला लागली. खप असा वाढला की डॉक्टर स्वतः पाहणीला आले.

“फिल्टर कुठायत, बाई?”

मावशीने बुडाखालची गुबगुबीत उशी थोपटली. “बसलेय ना त्यांच्यावर. फार आरामाची वस्तू काढलीत हो.”

डॉक्टरांनी उशीकडे बघितलं, मग रांगेकडे, मग पुन्हा उशीकडे. ज्या टोकासाठी बँड वाजवला ते कापून फेकलं तरी गल्ल्याला काही फरक पडत नाही, एवढं समजायला त्यांना मोठं शिक्षण लागलं नाही.

“सुरी जरा खाली ठेवत जा,” ते हळूच म्हणाले. “रस्त्यावरून दिसते.”

गेल्या वर्षी कंपनीने गार्साचा इतिहास छापला. त्यात मावशीचा फोटो आहे, लाल ठिपक्यासह. खाली लिहिलंय, ‘किनारपट्टीने फिल्टरला आपलंसं केलं.’ कर्ण्यातून मीही याहून मोठ्या थापा मारल्यात, पण इतक्या गुळगुळीत कागदावर नाही.

मावशी नदीवर जात नाही. बोटं वाकडीच राहिली, पण परवा वरचं बटण तिने स्वतः लावलं आणि सगळ्या रांगेला दाखवलं. फोटोवाल्याला पटवल्याबद्दल दुसरी उशी मला द्यायचं तिने कबूल केलं होतं. मागायला गेलो की बोट दाखवावं तशी सुरी माझ्याकडे रोखते.

“भरतेय रे. तुझं डोकं मोठं, कापूस जास्त लागतो.”