सुईनं केलेली खूण

१९८६ साल. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, देवाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या माझ्या भावाला तर नाहीच. तो शेजारच्याच खोलीत राहतो. आत्ता हे लिहितोय तर त्याचा खोकला भिंतीतून ऐकू येतोय. म्हणजे उठून दारातून आत जायचं, एवढंच अंतर. आणि मी तुम्हाला सांगत बसलोय. का? तुम्ही माझ्या पाया पडलेला नाहीत म्हणून.

मान हलवू नका. कीव करायची असेल तर पान उलटा आणि जा. मी चौथीतून सुटलेला माणूस. शब्द जुळवायला वेळ लागतो. मधेच थांबलो तर शब्द सापडत नाही असं समजू नका — सांगणं जिवावर आलंय असं समजा.

मुठा खोऱ्यात तेव्हा नदीवर डिझेलची इंजिनं बसवलेली होती, पाणी उपसायला. बिघडलं की मला बोलावणं. चिखलातून, इरलं पांघरून, पान्यांची पिशवी खांद्याला मारून मी जायचो. शाळेत मला मास्तरनं गाढव म्हटलं होतं — त्याच मास्तरच्या विहिरीवरचं इंजिन मी चालू केलं आणि त्याच्या हातचा चहा न पिता निघून आलो. असा मी. अजून तसाच आहे.

भाऊ शंकर. माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. आईबाप गेले तेव्हा तो लहान पोर होता, मी वाढवला. दहावी केली त्यानं. पिरंगुटच्या कारखान्यात लागला, पाळीवर जायचा. ‘मी वाढवला’ — हे वाक्य मी आयुष्यभर इतक्या वेळा बोललोय! वाढवला म्हणजे काय केलं? बैल पण वाढवतोच की आपण. मग त्याच्या मानेवर जू ठेवतो.

आमच्या वरच्या अंगाला पुण्याच्या एका साहेबाचा बंगला होता. त्या साहेबाला मोटारसायकलींच्या शर्यतींचा नाद. पुण्यात स्वतःचं गॅरेज. त्याची एक जुनी गाडी बंगल्यामागच्या पत्र्याखाली पडून होती — लाल टाकी, दोन अंगांना दोन सायलेन्सर, खाली वाकवलेलं हँडल, आणि किकचाच दांडा पुढं पाडला की तोच गिअर. एके काळी शर्यतीत पळालेली. पण घाटात पडली आणि साहेबाचं मन उडालं. सीटमध्ये उंदीर व्याले होते, सायलेन्सरात कुंभारीण माशीनं मातीची घरं केली होती. होळीनंतर शंकर बंगल्यावर काही कामाला गेला आणि त्या गाडीपाशी बसूनच राहिला. साहेब म्हणाला, घेऊन जा घरी. दसऱ्यापर्यंत चालू करून दाखव. दाखवलीस तर माझ्या गॅरेजात ये, शर्यतीच्या गाड्यांवर लावतो तुला.

कारखान्यात शंकर दिवसभर पत्रे दाबायचा. त्याला ते काम गिळत होतं, हे मला दिसत होतं. मला दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

गाडी आमच्या गोठ्यात आली. पावसाळाभर तिथंच खोलली. पिस्टन जाम होता — प्लगच्या भोकातून रॉकेल ओतून मुरवत ठेवायचं, रोज थोडं हलवून बघायचं. माझ्या बायकोनं, हौसानं, भांडी घासायची तुसाची राख दिली, त्या राखेनं शंकरनं रिमा घासल्या. तिच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या फाडल्या आणि नट-बोल्ट बांधून ठेवले — इंजिनाचे हिरव्या चिंधीत, चाकांचे तांबड्या. घोंगडीवर ओळीनं गाठोडी. मी तिथं उभा राहून बघायचो आणि मला राग यायचा. कशाचा? त्या गाठोड्यांचा. मी उभ्या जन्मात नट बांधून ठेवले नव्हते. माझे नट मातीत पडायचे आणि मातीतच सापडायचे.

एकदा पिस्टनवरचा बॅरल निघेना. मी म्हणालो सर बाजूला, आणि हातोडा घातला. बॅरलची एक पाकळी उडाली. शंकर पुढं आला. वाकला, तो तुकडा उचलला आणि हिरव्या चिंधीत बांधून ठेवला. बोलला असता तर मी दोन लगावल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. तो बोललाच नाही — ते मी विसरलो नाही.

आणि मग वाडीतल्या रामभाऊचं इंजिन. दिवसभर मी त्याच्याशी झुंजलो, चालू होईना. संध्याकाळी शंकर पाळीवरून परत येताना तिथं थांबला. डिझेलच्या नळीला कान लावला, एक सांधा सोडून आतली हवा काढली, हँडल मारलं — धाड् धाड् धाड्. रामभाऊ चावडीवर सगळ्यांसमोर म्हणाला, “केरबा, आता पाने भावाला दे, अन् तू नुसता रॉकेलचा डबा धरून हुबा ऱ्हा!” सगळे हसले. शंकरही हसला. खरं तर तो खाली बघून हसला, लाजून. पण मला ते तेव्हा दिसलं नाही — की दिसून घ्यायचं नव्हतं?

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. त्यामुळं पेट्रोलच्या गाडीची ठिणगी मला ठाऊक नव्हती. ती मला शंकरनंच शिकवली. बाजूचं झाकण काढलं, आत एक पत्र्याची चकती दाखवली. तिच्यावरून ठिणगीची वेळ ठरते. प्लगच्या भोकातून सायकलचा तुटका स्पोक आत सोडून पिस्टन कुठवर आलाय ते बघायचं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या फटीत बिडीच्या बंडलाचा पातळ कागद धरायचा. “दादा, चाक हळूहळू फिरीव अन् कागद वढत ऱ्हा. सुटला ना? त्याच टायमाला ठिनगी.” मग त्यानं चकतीचे स्क्रू आवळले आणि सुईच्या टोकानं चकतीवर आणि खालच्या पत्र्यावर मिळून एक बारीक रेघ ओढली. रेघ रेघेला जुळली की वेळ बरोबर. “आन् ही पुढं सरकली, दादा, तर किक उलटी येती. पाय मोडंल मान्साचा.”

धाकट्या भावाकडून मी शिकलो. मान डोलावली. हे लक्षात ठेवा.

भादव्यात मी खाचरात गवत बेणत होतो. ओढ्यापलीकडून आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग मोकळा, दोन्ही सायलेन्सरांतून — सगळ्या खोऱ्यात घुमला. शेजारच्या खाचरातल्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. एक म्हणाली, “शंकऱ्याची गाडी वाजली गं!” मी घराकडे धावत सुटायला हवं होतं ना? मी खाली वाकलो आणि बेणत राहिलो. गवताबरोबर भाताची रोपंही उपटली असतील, मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पाळीला गेला. हौसा नदीवर. मी भर दुपारी गोठ्यात गेलो. डिसमिसनं झाकण काढलं, स्क्रू सैल केला आणि त्याची रेघ रेघेपासून सरकवली. झाकण परत लावलं. हात थरथरले नाहीत. थरथरले असते तर आज तेवढं तरी सांगता आलं असतं.

संध्याकाळी त्यानं किक मारली, ती उलटी आली. त्यानं झाकण काढलं, रेघ बघितली. मी म्हणालो, “नीट आवळलं नसशील.” त्यानं आवळलं. चारेक दिवसांनी मी परत सरकवली. तो परत आवळायचा, मी परत सरकवायचो. मी म्हणायचो, “तुझा हात ढिला हाय, शंकर.” शेवटी शेवटी तो स्क्रू आवळून झाल्यावर स्वतःच्या हाताकडे बघत बसायचा. बोटं उघडायचा, मिटायचा. परक्या माणसाचा हात असावा तसा.

रेघ कुणी सरकवली असेल, ही शंका त्याला एकदाही आली नाही. घरात होतं कोण? हौसा आणि मी.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला कशाची आशा राहायला नको. शंकर पुण्याला गेला नाही. त्याच कारखान्यात पत्रे दाबत निवृत्त झाला. परत कधी त्यानं इंजिनाला हात लावला नाही. सायकलची चेन पडली तरी मला हाक मारायचा. साहेबानं गाडी परत नेली नाही, ती बरीच वर्षं मी वापरली. पौडच्या बाजारात लोक वळून बघायचे आणि मी त्यांना बघू द्यायचो. तो अजून त्याच्या नातवंडांना सांगतो, “मोठ्या आज्ज्याच्या हातात लई गुन हाय. त्यानं आवळलं ते हलत न्हाई.” मी तिथंच ओट्यावर बसलेला असतो. ऐकतो. चहा पितो.

आता नवरात्रातल्या अष्टमीचा दिवस. सुट्टी होती. साहेब बंगल्यावर आलेला. शंकरनं सकाळी झाकण काढून रेघ बघितली — जुळलेली. माझ्यादेखत स्क्रू आवळला, दोनदा. नवा शर्ट घातला आणि साहेबाला बोलवायला वर गेला. तो चढ चढून दिसेनासा झाला, आणि मी गोठ्यात गेलो. या वेळी जास्त सरकवली.

साहेब आला. गाडी बघून खूश झाला, टाकीवरून हात फिरवला, म्हणाला, अरे ही तर माझीच गाडी ओळखू येत नाही मला. शंकर लाजला. चढला आणि सगळ्या ताकदीनं किक मारली. दांडा उलटा आला — कडाक. तो खाली बसला. घोटा धरून. साहेबानं स्वतः झाकण काढलं. तो जाणकार होता, त्याला रेघ दिसली.

“ही खूण तुझी?”

“व्हय साहेब. सकाळीच आवळलं होतं. द्येवाशपत.”

साहेबानं अंगठ्यानं ती चकती हलवून बघितली. मग म्हणाला, “गाडी आज नाही तर उद्या चालू होईल रे. ते मोठं नाही. पण तू आवळलेला स्क्रू राहत नाही. शर्यतीत या गाडीवर माणूस बसतो. तुझ्या भरवशावर मी कुणाला बसवू?”

शंकरनं माझ्याकडे बघितलं. जमिनीवर बसल्या बसल्या, मान वर करून — लहानपणी मारामारीत पडल्यावर बघायचा तसं. एक शब्द बोललो असतो तरी साहेब ऐकणार होता. मी बोललो. मी म्हणालो, “साहेब, पोरगं मन लावून करतंय, पन हात ढिलाच हाय त्याचा. ल्हानपनापासनं.”

हे आहे ते. स्क्रू सरकवले ते वेगळं — मला या वाक्याचं सांगायचं होतं. स्क्रू त्याच्या पाठीमागं सरकवले. हे मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो.

साहेब गेला. हौसानं हळद गरम करून शंकरच्या घोट्याला लावली. संध्याकाळी मला ताट वाढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “हात धुवा आदी. रॉकेलचा वास येतुया.” गोठ्यातली रॉकेलनं धुतलेली गाडी सोडली तर त्या दिवशी मी रॉकेलला हात लावायचं कारण नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. मी हात धुतले. ती परत त्यावर कधी बोलली नाही, मरेपर्यंत नाही. माझ्या अंगाला मात्र तिनं त्यानंतर कधी आपणहून हात लावला नाही. त्याचं कारण मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खंडेनवमी होती. औतं-अवजारं, पाने, कोयते धुऊन पाटावर मांडायची, त्यांची पूजा करायची. मी उजाडताच गोठ्यात गेलो. झाकण काढलं. शंकरची रेघ शंकरच्या रेघेला जुळवली — सुईएवढी बारीक, पण काय सरळ ओढली होती त्यानं! स्क्रू आवळले आणि किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. आवाज खोऱ्यात गेला. वाडीतले लोक दारात आले. रामभाऊ ओरडला, “आरं केरबाऽ, शेवटी तूच रं!” मी त्याला हात केला.

शंकर भिंतीला धरत लंगडत बाहेर आला. गाडीकडे बघितलं. झाकणाच्या आत वाकून रेघेकडे बघितलं. मग घरात गेला आणि त्याचे पाने घेऊन आला — पगारातून एकेक करून घेतलेले, तेल लावून पुसलेले, हिरव्या चिंधीत गुंडाळलेले. ते त्यानं माझ्या पाटावर, माझ्या गंजक्या पान्यांच्या शेजारी ठेवले. “आता हे हितंच ऱ्हाऊ दे, दादा,” म्हणाला. आणि सुजलेला पाय बाजूला टाकून, कसाबसा वाकून, माझ्या पाया पडला.

मी गाडी बंद केली. हात धुतले. पाटासमोर बसलो, आणि त्याच्या पान्यांना हळद-कुंकू लावलं.