चिंचेनं घासलेला राजा

आरशाचा फोटो काढायचा आणि आपलं तोंड त्यात येऊ द्यायचं नाही, हे जितकं सोपं तितकंच डबीतल्या नाण्याचा फोटो काढणं सोपं. हे ज्ञान मला लग्न होऊन खासबागेत सासरी आल्यावर मिळालं. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, जुन्या नाण्यांचा नाद. एखादं नाणं ते जाणकारांकडे तपासायला पाठवतात. तिथून ते कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद होऊन येतं आणि डबीच्या वरच्या अंगाला, लेबलावर, शेरा असतो. या डबीला स्लॅब म्हणतात. मग तिचा फोटो नाणेवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. तो काढणं माझ्याकडे, कारण माझा हात थरथरत नाही आणि सून म्हणून नाही म्हणायची सोय नाही.

सुरुवातीला माझ्या फोटोंत नाणं सोडून सगळं यायचं. राजाच्या नाकावर ट्यूबलाइट, राणीच्या केसांत पंखा. एकदा तर आप्पांचं बनियन भोकांसकट आलं, आणि ग्रुपवर दिवसभर त्या बनियनचीच चौकशी चालली. शेवटी मी काळ्या कार्डशीटला भोक पाडून त्यातून मोबाइलचा डोळा बाहेर काढला, दिवा बाजूला तिरका ठेवला आणि डबीच्या एका कडेखाली पेन्सिल सरकवली. चमक गेली. आप्पा मला गुणाची पोर म्हणू लागले. काम वाढलं की आमच्याकडे कौतुकही वाढतं.

यंदा आप्पांनी देव्हाऱ्यातला चांदीचा रुपया तपासायला पाठवला. सासूबाईंच्या आईनं लग्नात त्यांच्या हातावर ठेवलेला, दाढीवाल्या इंग्रज राजाचा. निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी आप्पांचे कॉलेजपासूनचे मित्र. दोघांची भांडणं कन्नडात होतात आणि समेट मराठीत. त्यांच्याकडेही त्याच राजाचा रुपया होता, तोही त्याच वेळी तपासायला गेला. कुणाचा राजा सरस, ते ग्रुपवर ठरायचं होतं. आप्पांनी आपलाच सरस असं आधीच जाहीर करून टाकलं होतं.

रुपया परत आला. लेबलावर बारीक अक्षरांत शेरा होता, ‘क्लीन्ड’. घासलेलं नाणं. नाणेवाल्यांच्या जगात याहून मोठी बेअब्रू नाही. झिजलेलं चालतं, काळं पडलेलं तर फारच चालतं, पण घासलेलं नाही. आणि आमच्या घरात दर लक्ष्मीपूजनाला सासूबाई तो रुपया चिंचेच्या कोळानं नि रांगोळीनं घासून आरशासारखा करत आल्या होत्या. राजाची अर्धी दाढी त्यातच गेली होती.

दोन दिवस आप्पांनी डबी कपाटातून काढली नाही. मग दार लोटून घेऊन मला म्हणाले, “त्या अक्षरांवर तेवढी चमक येऊ दे. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

इतकी वर्षं चमक घालवायला शिकले, आता नेमकी एका शब्दावर पाडायची होती. मला तर मजाच वाटली. कार्डशीट बाजूला ठेवली, खिडकीचं एकच झडप उघडलं, डबी इकडून तिकडून कलती केली. उजेडाचा पट्टा शेऱ्यावर बरोबर बसला आणि खाली राजा लख्ख. आप्पा माझ्या खांद्यावरून बघत पुटपुटत होते, “अजून जरा डावीकडं. हां, बसलं.”

एवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. आमच्या दोघांच्या चेहऱ्यांवरूनच त्यांना कळलं असावं. त्यांनी कप खाली ठेवले, डबी उचलली, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि शेरा वाचला.

“व्हय, घासलंय. मीच घासलंय,” त्या म्हणाल्या. “त्या परक्या माणसांनी माझं काम ओळखलं, आणि तुमाला त्याची लाज वाटाय लागली?”

त्या कप तसेच टाकून आत गेल्या. मला फार वाईट वाटलं. त्या रुपयावर त्यांचा जीव होता आणि दिवाळीत तो ताम्हणात चमकला की त्या आईची आठवण काढायच्या, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी आप्पांनी फोटो पाठवला. नाक कुणाला प्यारं नसतं?

ग्रुपवर वाहवा झाली. निपाणीकर मात्र काही बोलेनात. मग संध्याकाळी त्यांचा फोटो आला. तोच राजा, तशीच डबी. आणि लेबलावर, अगदी त्याच जागी, उजेडाचा जाड पट्टा.

आप्पांनी फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. मग हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. हसणं ऐकून सासूबाई बाहेर आल्या. मोबाइल हातात घेऊन त्यांनी तो पट्टा निरखला.

“त्यांच्या घरातबी दिवाळी हुतीय की,” त्या एवढंच म्हणाल्या.

आप्पांनी टेबलावरची डबी पुढं ओढली. मग मला म्हणाले की आता दुसरा फोटो काढ, पट्टा नको. मी कार्डशीट उचलायला गेले तर तीही नको म्हणाले. सासूबाईंना त्यांनी टेबलाच्या पलीकडे उभं केलं आणि वाक म्हणून सांगितलं. त्या नको नको म्हणत केसांवरून हात फिरवून वाकल्या. प्लास्टिकमध्ये त्या स्वच्छ उतरल्या, अर्ध्या दाढीच्या राजाच्या शेजारी. वर शेऱ्याचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

आप्पांनी तो फोटो तसाच पाठवला. काय लिहितात म्हणून मी डोकावले. त्यांनी लिहिलं होतं, “शेरा खरा आहे. घासणारी फोटोत आहे.”