फिटिंगचे पैसे

कापडाला कात्री लावण्यापूर्वी सांगितलेला दर मास्तरांनी चाळीस वर्षांत कधी बदलला नाही. फिटिंगला आलेल्या गिऱ्हाइकाला बाही आखूड वाटो, कंबर घट्ट वाटो, मास्तर मुकाट्याने उसवून पुन्हा शिवून देत. त्याचे पैसे मागणे म्हणजे आपले माप चुकले असे स्वतःच्या तोंडाने सांगणे, अशी त्यांची धारणा होती. दुकानासाठी ॲप करून घेतानाही ते हीच धारणा बाळगून बसले, आणि तिथेच फसले.

ॲपची कल्पना सुनेची. तयार कपड्यांमुळे नवे शिवणकाम जवळजवळ संपले होते. उरले होते ते आखूड करणे, घट्ट करणे, चेन बदलणे. लोकांनी हे काम घरबसल्या नोंदवावे आणि कपडा कधी मिळेल ते पाहावे, एवढाच हेतू. सुनेची एक मैत्रीण घरच्या खोलीत बसून अशी ॲप करून देई. तिने अडीच लाख सांगितले. मास्तरांच्या गाठीशी तीन होते. वरचे पन्नास हजार त्यांनी बाजूला काढले. वर्षातले दोन महिने काम थंडावते. त्या काळात काजे-बटणे करणाऱ्या मावशींना आणि इस्त्रीवाल्याला द्यायचे ते पैसे.

पहिला नमुना पडद्यावर आला आणि मास्तर त्याचे फिटिंग घेऊ लागले.

"अक्षरं मोठी कर, पोरी. हा निळा रंग नको, डोळ्यांत जातो. आणि माप लिहायला माणसाचं चित्र हवं. ते वळलं पाहिजे बरं का, पाठ नको दिसायला?"

"करू या, काका," म्हणत ती टिपून घेई. दर दोन-चार दिवसांनी मास्तरांना नवे काही सुचे.

महिन्याभराने तिने कागद पुढे ठेवला. जादा बदल, अठ्ठेचाळीस हजार. शिवाय देखभाल, दरमहा दीड हजार.

"हे कसले?"

"बदलांचे, काका. कराराच्या कागदात आहे. पहिले दोन बदल फुकट, पुढचे तासावर."

"अगं, फिटिंगचे कोणी पैसे घेतं का?"

"घेत नाही म्हणून तर आपला पंखा अजून काठीने ढकलावा लागतो," इस्त्रीवाला मागून म्हणाला.

"तू तुझी कॉलर बघ, जळेल."

मैत्रीण हसली नाही. "तुम्ही उसवता, तेव्हा तुमचा वेळ जात नाही का?"

उत्तर आले ते कोपऱ्यातून.

"काजं उसवते मी," मावशी सुईवरची नजर न काढता म्हणाल्या. "पुन्हा करतेही मीच."

मावशींना नगावर पैसे मिळत, आणि दुसऱ्यांदा केलेल्या काजाचा नग कधीच धरला जात नसे. ज्या उदारपणाचा मास्तरांना अभिमान होता, त्याचा काही भाग आजवर मावशींच्या बोटांनी सोसला होता. हे कोणी लपवलेले नव्हते. कोणी विचारलेच नव्हते, इतकेच.

मास्तरांनी कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवले. मग त्यांनी विचारले, "यातलं करून झालेलं किती?"

"अठरा हजारांचं. ते वळणारं चित्र तीस हजारांचं. त्याला अजून हात लावला नाही."

"मग लावू नकोस."

"बाबा, तुम्हाला तर तेच सगळ्यात आवडलं होतं," सून म्हणाली.

"आवडलं होतं. माप मी फितीने घेईन. बाजूला ठेवलेल्या पैशांतला एक पैसाही मोडायचा नाही." मग मैत्रिणीकडे वळून, जरा अवघडून ते म्हणाले, "अठरा हजार महिन्याच्या कमाईतून, सहा हप्त्यांत दिले तर चालतील?"

"चालतील, काका."

देखभालीचा खर्च कुठून काढायचा, हा प्रश्न उरलाच. सुनेने मोबाइल पुढे केला. ॲपमधल्या दरांच्या यादीत एक ओळ रिकामी होती. मास्तरांनी तीत एका बोटाने, थांबत थांबत लिहिले : पहिले फिटिंग मोफत, पुढच्या प्रत्येक वेळेस वेगळे पैसे. लिहिताना ते एखाद्या गिऱ्हाइकापुढे मान खाली घालून उभे असल्यासारखे दिसत होते.

"त्यातले माझे किती?" मावशींनी विचारले.

"अर्धे."

"मागच्या वर्षांचं मागत नाही मी. पण हे अर्ध्याचंही लिहा. तोंडी नको."

मास्तरांनी नगांची वही ओढली आणि लिहिले.